चार आकडे, चोवीस वाटा

कान्ह्याच्या आमच्या घरी वडिलांची एक पेटी होती. तिचे कुलूप आकड्यांचे. १, ४, ७, ९ हे आकडे आईच्या ध्यानात होते. क्रम मात्र वडील आपल्याबरोबर घेऊन गेले.

पुतण्याने संगणकाला त्या आकड्यांच्या स्वैर जुळण्या करायला सांगितले. यंत्र भराभर जुळण्या देई. पण तीच तीच पुन्हा येई, आणि राहिली कोणती ते कळेना.

मला भास्कराचार्य आठवले. ११५० च्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ हे प्रकरण आहे. शंख, चक्र, गदा, पद्म यांची चार हातांत अदलाबदल केली, तर हरीच्या मूर्ती किती? १×२×३×४, म्हणजे २४. संध्येतली केशवादी नावेही चोवीसच! शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांचे प्रकार मात्र ३६,२८,८००. याच ग्रंथकाराच्या अध्ययनासाठी नातू चंगदेवाने मठ काढल्याचे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख सांगतो.

मी कागदावर चोवीस जुळण्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडल्या. दैवावर हवाला ठेवला तर शोधाला अंत नाही. ओळीने गेले की चोविसाव्या पायरीपलीकडे जावे लागत नाही. सतराव्या ओळीला, ७९१४ वर, कुलूप उघडले.

आत आईचीच जुनी पत्रे होती. ती तिने पदरात घेतली, आणि आम्हां कोणालाच वाचू दिली नाहीत.