पेटीचे कोपरे

नवी मुंबईच्या दक्षिणेस, उरण तालुक्यात, न्हावा-शेवा बंदर आहे. उत्तरेस ऐरोली-महापे परिसरात डेटा सेंटरच्या इमारती आहेत. एकीकडे माल, दुसरीकडे माहिती. परंतु दोहोंच्या इतिहासात एकच प्रश्न उभा राहिलेला दिसतो: प्रमाणीकरण कोठवर करावे?

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हा कंटेनरपुरता हा प्रश्न सुटलेला होता. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराने ५८ पेट्या जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. पुढे कंपन्यांनी आपापल्या मापाच्या पेट्या केल्या आणि एकीची पेटी दुसरीच्या यारीला उचलता येईना. १९६०च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत वाटाघाटी होऊन ठरले ते थोडकेच: रुंदी आठ फूट, लांबी ठरावीक आणि आठही कोपऱ्यांवरील पोलादी खाचा एकसारख्या. मॅक्लीनने कोपऱ्याच्या रचनेचे पेटंट खुले केल्याने हे साधले. पेटीत आंबे भरावेत की यंत्रे, हे भरणाऱ्यावर सोडले.

क्लाउडच्या बाबतीत क्रम उलटा झाला. ॲमेझॉनने २००६ साली माहिती साठवण्याची सेवा सुरू केली आणि तिच्याशी व्यवहार करण्याची रीतही स्वतःच ठरवली. अशा साठवणुकीसाठी २०१२ साली रीतसर आंतरराष्ट्रीय मानक आले, तरी अनेक प्रतिस्पर्ध्यांनी ॲमेझॉनचीच रीत उचलली. २०१५ साली स्थापन झालेल्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने मात्र, नावासकट, बंदराचाच धडा गिरवला: प्रणालीचे गाठोडे कसे बांधावे आणि कसे चालवावे, एवढ्यापासूनच तिने आरंभ केला.

साहित्याच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांच्या खासगी संकेतांत टंकला जाई. तो फॉन्ट नसला की लेखाच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडने ‘ल’ला एक संकेतांक दिला, त्याचे वळण मराठी असावे की हिंदी, हे फॉन्टवर सोडले. या मर्यादेचीही किंमत आहे. योग्य फॉन्टाअभावी मराठी पुस्तक आजही परक्या वळणात दिसते आणि ते डोळ्यांना खुपते. तरीही मजकूर हरवत नाही.

म्हणून मला वाटते, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जे लागते, तेवढेच बांधून घ्यावे. एकाकडे ठेवलेला मजकूर उद्या दुसरीकडे नेता येईल का, हे पाहिले म्हणजे नियम पुरेसे आहेत की नाहीत ते कळते.