साथीच्या काळातील सामूहिक सायकलफेरी

टाळेबंदी शिथिल करताना राज्य शासनाने ३१ मे २०२० रोजी काढलेल्या आदेशात जळगाव व धुळे या दोन्ही महापालिका अधिक निर्बंधांच्या यादीत होत्या. तरीही ३ जूनपासून, प्रतिबंधित क्षेत्रे वगळता, पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत सायकल चालविण्यास मुभा मिळाली. अंतर आपोआप राखले जाते म्हणून या व्यायामास उत्तेजनही देण्यात आले. समूहाने फिरण्यास मात्र मनाई होती. सायकल क्लबांची खरी अडचण येथेच होती.

पुढच्याच्या चाकामागे चाक ठेवून चालणे ही सामूहिक फेरीची जुनी युक्ती. पुढचा वारा झेलतो, मागच्याचे श्रम वाचतात. साथीत हीच जागा सर्वांत वाईट, कारण पुढच्याची शिंक थेट मागच्याच्या तोंडावर येते. सहा फुटांचे अंतर उभ्या माणसांसाठी ठीक. वेगात ते कितीतरी वाढवावे. शेजारी-शेजारी चालण्याचा पर्याय एरंडोल-पारोळ्याच्या महामार्गावर अवजड वाहनांमुळे धोक्याचा, तेव्हा विरळ एकेरी रांगच बरी. थुंकायचे झाल्यास रांगेच्या शेवटी जावे.

रस्त्यापेक्षा धोका टपरीवर अधिक. लळिंगच्या पायथ्याशी वा मेहरूण तलावाकाठी थांबले, की गप्पांच्या ओघात मुखपट्टी हनुवटीवर येते आणि एकच बाटली चौघांत फिरते. खानदेशच्या उन्हात तहानलेल्याला पाणी नाकारवत नाही, म्हणून प्रत्येकाने निघतानाच आपल्या दोन बाटल्या व पंक्चरचे साहित्य सोबत घ्यावे. ताप वा खोकला असलेल्याने घरीच थांबावे. त्याला ‘एवढ्याने काय होते’ असा आग्रह करणे हा शिष्टाचाराचा भंगच होय.