आगीचा भोंगा आणि आपली इमारत



स्मरणिकेत काय काय घ्यायचं याची यादी मीटिंगमध्ये वाचली गेली. त्यात पहिला गणपती होता, बोअरवेल होती, लिफ्ट बदलण्याचा किस्सा होता, कन्व्हेयन्सची लढाई तर होतीच. वॉचमनच्या टेबलामागे भिंतीवर जी लाल पत्र्याची पेटी आहे, तिचं नाव मात्र कुठेच नव्हतं. इमारत जितक्या वर्षांची तितक्याच वर्षांची ती पेटी. म्हणून मी हात वर केला आणि हा लेख गळ्यात पडला.

आपल्यातले बरेच जण मुलुंड पूर्वेला राहायला आले ते परळ, दादर, गिरगावच्या चाळींतून, काही इथल्याच बैठ्या घरांतून. तिथे आगीची सूचना द्यायला कुठलंही यंत्र नव्हतं, गरजही नव्हती. स्टोव्ह भडकला की बाई ओरडायची, ओरडणं गॅलरीभर ऐकू जायचं, आणि दोन मिनिटांत बादल्यांची रांग लागायची. दारं दिवसभर उघडी, भिंती पातळ. आता सरकत्या काचांच्या खिडक्या, सेफ्टी डोअर, त्यामागे लाकडी दार, आत एसी. तिसऱ्या मजल्यावरची हाक चौथ्यावर जात नाही, मग बाराव्याचं काय बोलायचं! माणसं एकावर एक राहायला लागली तशी हाक तोकडी पडत गेली आणि यंत्राला ओरडायला शिकवावं लागलं, एवढीच खरं तर फायर अलार्मची सगळी गोष्ट आहे.

मुंबईला आग नवी नाही. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटाच्या आतलं शहर, म्हणजे आजचं फोर्ट, मोठ्या प्रमाणावर जळालं आणि त्यानंतर वस्ती कोटाबाहेर जोमाने पसरली. आग विझवण्याचं काम बराच काळ पोलिसांकडे होतं, १ एप्रिल १८८७ पासून ते महापालिकेकडे आलं. तेव्हा घोडे जुंपलेल्या गाड्या असत. आपण आजही ‘बंब आला’ म्हणतो, तो शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आलेला, अर्थ पंप. आजीच्या न्हाणीघरातला पाणी तापवायचा तांब्याचा बंबही तोच. एक आग पोटात घेतो, दुसरा आगीवर पाणी मारतो.

पण बंब कितीही चांगला असला तरी त्याला कुठे जायचं ते कळायला हवं. हा प्रश्न पहिल्यांदा नीट सोडवला तो अमेरिकेतल्या बोस्टन शहराने, १८५२ मध्ये. विल्यम चॅनिंग नावाचा डॉक्टर आणि मोझेस फार्मर नावाचा इंजिनिअर, या दोघांनी तारायंत्राची युक्ती आगीसाठी वापरली. रस्त्यारस्त्यावर लोखंडी पेट्या बसवल्या, प्रत्येक पेटीला नंबर दिला. आतली मूठ फिरवली की तारेवरून मुख्य ठाण्याला नुसती घंटा नाही, तर पेटीचा नंबर जायचा. यातली खरी कमाल त्या नंबरात आहे. आग लागली हे कळणं निम्मं काम, कुठे लागली हे कळणं उरलेलं निम्मं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्या बी विंगच्या संदर्भात लागणार आहे.

माणूस नसताना धूर ओळखणारं यंत्र त्यानंतर खूप उशिरा आलं, आणि तेही दुसरंच काही शोधताना. स्वित्झर्लंडमध्ये १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हा शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं उपकरण बनवत होता. वायूला ते काही दाद देईना. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि काटा हलला! धुराच्या कणांनी उपकरणातला बारीक विद्युतप्रवाह अडवला होता. सिगारेटने कुणाचं भलं झाल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. हल्ली छताला बसवतात त्या बहुतेक डिटेक्टरांत प्रकाशाचा झोत असतो, धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो आणि सर्किटला कळतं. मात्र धूर, धूळ, वाफ आणि आत शिरलेलं झुरळ यांतला फरक त्याला दर वेळी कळतोच असं नाही. आपल्या इमारतीचा अर्धा इतिहास या एका वाक्यात आहे.

दरवर्षी एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह असतो, तो १४ तारखेलाच का सुरू होतो हे मुलांना सांगायला हवं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी धूर दिसला, जवान पाणी मारत राहिले, आणि चारनंतर एकापाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. ६६ जवान गेले.

आता उपनगरांकडे येतो. आपण समजतो की मोठ्या आगी ‘टाऊन’मध्ये लागतात. १८ जुलै २०१४ ला अंधेरी पश्चिमेच्या लोटस बिझनेस पार्कच्या काचेच्या टॉवरला आग लागली, अडकलेल्या जवानांना गच्चीवरून हेलिकॉप्टरने काढावं लागलं आणि एक जवान परतला नाही. मार्च २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये मध्यरात्री आग लागली, वर कोविड हॉस्पिटल होतं, रुग्ण गेले. ६ ऑक्टोबर २०२३ ची गोरेगावची आग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण ती इमारत आपल्यासारखीच राहती होती. पहाटे तीनच्या सुमारास, सगळे गाढ झोपेत असताना, तळाला पार्किंगमध्ये आग लागली आणि धूर वर चढला. किमान सात जणांचा जीव गेला. अशा वेळी जिना हीच चिमणी होते. आपण ज्या वाटेने पळणार, त्याच वाटेने धूर वर येतो. म्हणून पहिली पाच मिनिटं महत्त्वाची, आणि झोपलेल्या माणसाला ती पाच मिनिटं भोंग्याशिवाय कोण देणार?

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो रुक्ष आहे. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली आली आणि तिने १५ मीटरवरच्या इमारतींना उंच इमारती धरलं. आपली सोसायटी २००० सालची. त्या वेळी फायर ब्रिगेडच्या ना-हरकत पत्रातल्या अटीप्रमाणे बिल्डरने पाइप, पंप, लाल बटणं आणि भोंगे बसवले आणि चाव्या हातात दिल्या. ते चालू ठेवायची जबाबदारी कुणाची, याचं स्पष्ट उत्तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने दिलं. तो डिसेंबर २००८ पासून लागू आहे. उत्तर असं की मालक किंवा भोगवटादार, म्हणजे सोसायटी, म्हणजे आपण. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला घेऊन द्यायचा. हाच तो फॉर्म बी.

तर आपल्या पेटीची कहाणी. जुन्या सभासदांना पहिले पावसाळे आठवत असतील. ओल आली की रात्री-अपरात्री भोंगा वाजायचा. पहिल्यांदा लोक नाइटगाऊन-बनियनवर खाली धावले. दुसऱ्यांदा निम्मे आले. पाचव्यांदा वॉचमनकाकांनी ‘सायलेन्स’चं बटण दाबलं आणि सगळे झोपले. पुढे कधीतरी कुणीतरी पॅनलचा फ्यूज काढून ठेवला, आणि इमारतीत शांतता नांदली. दिवा तेवढा लागत होता. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण त्यातल्या गावकऱ्यांच्या जागी आपण आहोत हे आपल्या लक्षात येत नाही. तेव्हाच्या ठेकेदाराकडून दर सहा महिन्यांनी कागद मात्र नियमित यायचा, सही-शिक्क्यासकट. तो जिन्याने वर गेल्याचं कुणाला आठवत नाही.

हे चित्र बदललं ते परळच्या क्रिस्टल टॉवरमुळे. २२ ऑगस्ट २०१८, बकरी ईदच्या सुट्टीचा दिवस. सकाळी बाराव्या मजल्यावर आग लागली, चार जणांचा मृत्यू झाला. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती हे नंतर उघड झालं. तिथल्या एका शाळकरी मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून शेजाऱ्यांना ओलं सुती कापड नाकाशी धरायला सांगितलं आणि कितीतरी माणसं तगली. आपल्यातल्या दोन कुटुंबांचे नातेवाईक परळ-हिंदमाता भागात राहतात. त्या आठवड्यात आपल्या लिफ्टमध्ये दुसरा विषय नव्हता. पुढच्या मीटिंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या आजींनी एकच प्रश्न विचारला, “आपला वाजतो का हो?” कुणालाच उत्तर देता येईना.

म्हणून जानेवारी २०१९ च्या एका रविवारी सकाळी दहा वाजता पहिली खरी चाचणी झाली. आदल्या दिवशी नोटीस लावली, नव्या एजन्सीचे दोन तंत्रज्ञ बोलावले, आणि प्रत्येक मजल्यावर एक सभासद वही-पेन घेऊन उभा केला. आधी पॅनलची वीज तोडली. वीज गेली तरी पॅनल बॅटरीवर चालायला हवा. बॅटऱ्या पापडासारख्या फुगलेल्या निघाल्या, पॅनल तत्काळ बंद. उसन्या बॅटऱ्या लावून पुढे गेलो. मग एकेका मजल्यावरचं लाल बटण दाबत खाली आलो. ए विंगमध्ये सातव्या आणि दहाव्या मजल्याचा भोंगा मुका. मीटर रूमच्या डिटेक्टरपाशी धूर सोडला तर काहीच नाही. खोलून बघितलं, आत कोळ्याचं जाळं. कुणीतरी हळूच म्हणालं की उदबत्ती लावा, देव तरी पावेल.

आणि मग बी विंग. नवव्या मजल्यावर बटण दाबलं. भोंगा खणखणीत वाजला, लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात खालून फोन आला की पॅनलवर पाचव्या मजल्याचा दिवा लागलाय. कधीतरी दुरुस्तीत वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ही म्हण आपण सहज वापरतो, इथे ती वायरिंगच्या रूपात समोर उभी होती. खरी आग असती तर जवान पाचव्या मजल्यावर दारं ठोकत बसले असते. बोस्टनवाल्यांनी १८५२ साली जे साधलं, ते आपल्या बी विंगला साधलेलं नव्हतं.

पण वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद यंत्राबद्दल नव्हती. फायर अलार्मसाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे. त्यात सांगितलंय की झोपलेल्या माणसाला उठवायचं असेल तर दारं बंद असताना त्याच्या उशापाशी ७५ डेसिबल आवाज पोचला पाहिजे. म्हणून आम्ही काही घरांत बेडरूमचं दार लावून, एसी सुरू करून बसलो. लॉबीत कानठळ्या बसवणारा भोंगा आतल्या खोलीत कुठेतरी लांबच्या लग्नाच्या बँडसारखा ऐकू येत होता. सहाव्या मजल्यावरचे काका श्रवणयंत्र काढून झोपतात. त्यांना तर काहीच कळलं नाही, आम्ही दार वाजवल्यावर “झाली का चाचणी?” म्हणाले.

त्या वहीवरून पुढची कामं झाली. बॅटऱ्या बदलल्या, वायरी सोडवल्या, झोनच्या पट्ट्या मराठीत मोठ्या अक्षरांत लावल्या, कारण पॅनल वाचायचा तो वॉचमनला. मुके भोंगे बदलले आणि लांबच्या फ्लॅटांसाठी पॅसेजमध्ये जादा भोंगे बसवले. खर्चावर जोरदार वाद झाला. लॉबीचा संगमरवर आधी की भोंगे आधी, हा ठराव मतदानाला टाकावा लागला. भोंगे थोड्या मतांनी जिंकले, संगमरवर अजून यायचाय. दर मजल्याला एक ‘दार वाजवणारा’ नेमला आहे. कितीही यंत्रं आणली तरी काकांसाठी शेवटी शेजाऱ्याची मूठच लागते.

तेव्हापासून दर जानेवारी-जुलैला वही निघते, कोविडमधली वर्षं सोडून. चुकून वाजणं पूर्ण थांबलेलं नाही. पावसाळ्यात एखाद-दुसरा डिटेक्टर अजून रडतो. पण आता नियम असा की आवाज बंद करण्याआधी पॅनलवरचा मजला बघायचा, तिथे माणूस पाठवायचा, आणि मगच बटण दाबायचं. फ्यूजला हात लावायचा नाही. वॉचमन बदलला की नव्याला पहिल्याच दिवशी हे शिकवलं जातं.

गेल्या चाचणीच्या वहीत तीन गोष्टी अपूर्ण आहेत. बी विंगच्या गच्चीच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली एकाच घरात असते. ए विंगच्या तिसऱ्या आणि आठव्या मजल्यावर जिन्यात चपलांची कपाटं आहेत. रेफ्युज एरियात कुणाच्या तरी जुन्या गाद्या आणि मुलांची सायकल आहे. गाद्या कुणाच्या ते सगळ्यांना माहीत आहे, पण सांगायचं कुणी यावर अजून एकमत नाही. पुढची चाचणी दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला. भोंगा साधारण पंधरा मिनिटं थांबून थांबून वाजेल, लहान बाळं आणि कुत्री असलेल्यांनी तयारी ठेवावी. वही धरायला बी विंगच्या अकराव्या मजल्यावर माणूस हवा आहे, नाव वॉचमनकडे द्यावं.