ताज्या ढलप्या, पिवळी पानं आणि क्युबेकची माणसं

आजचा एपिसोड माझ्या एका फजितीपासून सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी सोसायटीत झाडांची छाटणी झाली. मशीनमधून निघालेल्या ओल्या ढलप्यांचा ढीग गेटपाशी पडलेला. मी दोन गोण्या गच्चीवर नेल्या आणि टोमॅटोच्या कुंड्यांत मातीबरोबर मस्त कालवल्या. फुकटचं खत, असा हिशेब. तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी, वाढ ठप्प. आईने एकदाच बघितलं आणि म्हणाली, "अरे, उपाशी आहेत ती."

बरोबर होती ती. लाकडात कार्बन प्रचंड आणि नायट्रोजन नावापुरता. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला, जिवाणूंना वाढायला नायट्रोजन लागतो. लाकडात तो मिळत नाही, म्हणून ते मातीतला उचलतात, म्हणजे झाडाच्या वाट्याचा. एका प्रोसेसने सर्व्हरची सगळी मेमरी खाल्ल्यासारखं. पुढे ते जीव मेले की नायट्रोजन परत सुटतो, पण तोवर टोमॅटोचा सीझन संपलेला असतो. हे गणित १९२०च्या दशकात सेल्मन वाक्समनसारख्या मृदाशास्त्रज्ञांनी अभ्यासलं होतं. (हो, टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ साली नोबेल मिळालेला तोच वाक्समन!) त्यामुळे 'ताजं लाकूड बागेत नको' हा नियमच होऊन बसला.

तो नियम सैल केला कॅनडातल्या क्युबेकने. तिथे लाकूडतोड हा मोठा धंदा. खोडं विकली जायची, बारीक फांद्या मागे उरायच्या. १९७०च्या दशकाच्या शेवटी वनखात्यातले वरिष्ठ अधिकारी एद्गार गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फांद्यांचा चुरा शेतात पसरून बघितला. पुढे लावाल विद्यापीठातले प्राध्यापक जिल लमिये यांनी तो विषय उचलून धरला आणि १९८६ मध्ये त्याला फ्रेंच नाव मिळालं: 'ब्वा रामेआल फ्राग्मांते', म्हणजे फांद्यांचं चुरलेलं लाकूड.

खरी गंमत जाडीत आहे. सात सेंटिमीटरपेक्षा बारीक फांदी घ्यायची, शक्यतो पानगळीच्या झाडाची. तिच्यात साल जास्त, कोंब जास्त, म्हणून खोडापेक्षा नायट्रोजनही बराच जास्त. थर पातळ, आणि मिसळायचंच तर मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांत. शेवटी जंगलात कोण नांगर घालतं? पहिल्या वर्षी पीक उपाशी राहू शकतं, हे त्यांनी लपवलं नाही. प्रयोग सेनेगलपर्यंत गेले. तिथल्या किनाऱ्याजवळच्या भाजीच्या वाफ्यांत सुरूच्या फांद्या वापरल्या. सुरू, म्हणजे आपल्या कोकणातल्या बीचवर असतो तोच!

आणि कोकणात काय चालायचं? राब. भाताच्या रोपांची जागा फांद्या-पाचोळा पसरून भाजायची. इंग्रजांच्या जंगल-कायद्यांमुळे फांद्या तोडण्यावरून ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८०च्या दशकात फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. जाळल्यावर नायट्रोजन हवेत जातो, हे खरं. पण राख लगेच लागू पडते, तणाचं बी मरतं, आणि जूनमध्ये पेरायचं असलेल्या माणसाला बुरशीची दोन वर्षं वाट बघणं परवडत नाही. त्यामुळे राबाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

असो, माझ्या टोमॅटोंकडे येऊ. अमेरिकेतल्या लिंडा चॉकर-स्कॉट या फळबाग-शास्त्रज्ञ गेली अनेक वर्षं एकच सांगतायत: ढलप्या मातीच्या वर ठेवल्या तर नायट्रोजनची टंचाई फक्त दोघांच्या सीमेवरच्या पातळ थरात होते. मुळं त्याच्या खाली असतात. बी पेरलेलं असेल किंवा रोप अगदी कोवळं असेल तर मात्र जपून.

म्हणजे माझा बग ढलप्यांत नव्हता, कालवण्यात होता. यंदा मोठ्या कुंड्यांत आधी थोडं कंपोस्ट, त्यावर दोन इंच ढलप्या, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. भर दुपारी बोट खुपसलं तरी खाली ओल लागते. आई अजून रोज सकाळी खालची पानं उलटून बघते.