नॅचरल टर्न

नॅचरल टर्न : बॉलरूम नृत्यात जोडीने उजवीकडे वळत वळत पुढे सरकण्याची पायाभूत आकृती. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप आणि व्हिएनीज वॉल्ट्झ या चारही नृत्यांत ती वेगवेगळ्या रूपांत येते. प्रस्तुत नोंद वॉल्ट्झमधील आकृतीपुरती आहे. तिच्यात सहा पावले असून ती तीन-तीन मात्रांच्या दोन खंडांत पूर्ण होतात. डावीकडे वळणाऱ्या जोडआकृतीस रिव्हर्स टर्न म्हणतात. नवशिक्याच्या अभ्यासक्रमात या दोन आकृत्या आरंभीच येतात, कारण वॉल्ट्झमधील पुढची बहुतेक वळणे त्यांच्यावरच उभी आहेत.

फ्लोअर व दिशा : नाचाच्या फ्लोअरवर सर्व जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पुढे जातात. या मार्गास लाइन ऑफ डान्स म्हणतात. त्या मार्गाकडे तोंड करून उभे राहिल्यास भिंत उजव्या हाताला आणि दालनाचा मध्य डाव्या हाताला येतो. नॅचरल टर्नच्या आरंभी लीड करणाऱ्याचे तोंड भिंतीकडे तिरपे असते आणि शेवटी ते मध्याकडे तिरपे होते. एवढ्यात पाऊण फेरी पूर्ण होते : पहिल्या तीन पावलांत तीन अष्टमांश आणि पुढच्या तीन पावलांत तीन अष्टमांश. जोडी स्वतःभोवती घड्याळाच्या दिशेने वळते, पण तिचा प्रवास मात्र उलट दिशेने होत राहतो. शिकताना पुष्कळांचा गोंधळ इथेच होतो. म्हणून पाऊल टाकण्याआधी शरीराची दिशा पक्की ओळखता येणे हा या आकृतीचा पहिला धडा ठरतो.

पावलांची रचना : लीड करणारा उजवे पाऊल पुढे टाकतो आणि वळायला सुरुवात करतो. दुसरे, डावे पाऊल बाजूला पडते. तोवर पाव फेरी झालेली असते. तिसऱ्या मात्रेस उजवे पाऊल डाव्याला येऊन मिळते आणि उरलेला अष्टमांश पूर्ण होतो. आता त्याची पाठ लाइन ऑफ डान्सकडे असते. चौथ्या मात्रेस डावे पाऊल मागे जाते. पाचव्या मात्रेस उजवे पाऊल बाजूला पडते आणि सहाव्या मात्रेस डावे पाऊल त्याला मिळते.

साथ देणारी व्यक्ती याच वेळी आरशातल्यासारखी उलट पावले टाकते. पहिल्या मात्रेस तिचे डावे पाऊल मागे जाते, तर चौथ्या मात्रेस उजवे पाऊल पुढे येते. म्हणजे आकृतीच्या पूर्वार्धात लीड करणारा जे करतो, तेच उत्तरार्धात साथीदार करतो. परंपरेने लीड पुरुषाकडे आणि साथ स्त्रीकडे असे. दोन्ही बाजू येणाऱ्याला मात्र ही आकृती अधिक लवकर उमगते.

बाहेरची व आतली बाजू : ही भूमिकांची अदलाबदल हेच नॅचरल टर्नचे मर्म आहे. जो पुढे पाऊल टाकतो तो वळणाच्या बाहेरच्या अंगाला असतो. त्याला अधिक अंतर कापायचे असते, म्हणून त्याचे वळण पाव आणि मग अष्टमांश असे दोन टप्प्यांत होते. जो मागे जातो तो आतल्या अंगाला असतो. त्याचे पाऊल लहान असते आणि त्याचा पाय पहिल्या व दुसऱ्या पावलांच्या मधेच पूर्ण तीन अष्टमांश वळतो. शरीर किंचित मागाहून येऊन पायाला गाठते. आतल्याने लांब पाऊल टाकले तर बाहेरच्याची वाट अडते आणि त्याला जोडीदाराभोवती धावावे लागते. आतल्याने आवरते घेतले तर बाहेरचा मोकळेपणी पुढे जातो. तीन मात्रांनंतर हीच सवलत दुसऱ्याला मिळते. जोडीदाराला हातांनी ओढून वळवायची गरज मुळात उरतच नाही.

मराठी वाचकाला फुगडीशी तुलना केल्यास हा फरक लवकर कळेल. फुगडीत दोघी हातांची अढी घालून मागे झुकतात, एकमेकींच्या ओढीवर तोल राखतात आणि दोघींच्या मधल्या आसाभोवती जागच्या जागी फिरतात. वॉल्ट्झमध्ये अशी ओढ नसते. दोघेही आपापले वजन आपल्याच पायांवर पेलतात आणि फिरण्याचा केंद्रबिंदू पावलागणिक पुढे सरकतो. फुगडीत हात सुटले तर दोघी कोलमडतील. नॅचरल टर्नमध्ये होल्ड, म्हणजे जोडीदारांची एकमेकांवरची पकड, सुटला तरी दोघांनाही उभे राहता आले पाहिजे. शिक्षक ही कसोटी सरावात लावतात.

ताल : वॉल्ट्झची गती मिनिटाला 28 ते 30 खंड, म्हणजे 84 ते 90 मात्रा इतकी असते. त्यामुळे पूर्ण नॅचरल टर्नला साधारण चार सेकंद लागतात. सहा मात्रांची ही आकृती दादरा तालाच्या एका आवर्तनात सहज मोजता येते. तबल्याच्या ठेक्याशी परिचय असलेल्यांनी मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. दादऱ्यात पहिल्या मात्रेवर सम आणि चौथ्या मात्रेवर काल असतो. वॉल्ट्झमध्ये चौथी मात्रा ही नव्या खंडाची पहिली मात्रा असते, त्यामुळे तिच्यावर पहिलीइतकाच जोर येतो. चौथे पाऊल मिळमिळीत पडले की वळणाचा उत्तरार्ध अपुरा राहतो.

चढउतार व तोल : पुढे जाणारा पहिल्या पावलाला आधी टाच आणि मग चवडा टेकवतो. पहिल्या मात्रेच्या शेवटी शरीर उंचावू लागते, दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेत चढत राहते आणि तिसरीच्या अखेरीस खाली येते. मागे जाणाऱ्याची टाच आरंभी जमिनीवरच राहते. त्याची चढण आधी पाय आणि धड ताणून होते. पहिल्या व चौथ्या पावलाला, सरकत्या पायाच्या विरुद्ध अंग पायाच्याच दिशेला वळते आणि त्यातून वळणाची सुरुवात मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या पावलांना लीड करणाऱ्याचे शरीर उजवीकडे झुकते आणि पाचव्या-सहाव्या पावलांना डावीकडे. वळणाच्या आतल्या अंगाला येणारा हा झोक वेग आवरतो.

कथक शिकलेल्यांना नजरेची सवय बदलावी लागते. चक्करात नर्तक एका बिंदूवर नजर रोखतो आणि मान झटकन फिरवतो. नॅचरल टर्नमध्ये मान अशी झटकत नाहीत. दोघांचीही नजर आपापल्या डाव्या बाजूने, जोडीदाराच्या उजव्या खांद्यावरून बाहेर जाते आणि डोके धडाबरोबरच वळते.

शिकण्याचा क्रम : प्रथम न वळता पुढे, बाजूला, जवळ आणि मागे, बाजूला, जवळ ही पावले चौकोनात पक्की करतात. मग पूर्वार्ध व उत्तरार्ध वेगवेगळे, एकट्याने, दोन्ही बाजूंनी करून पाहतात. त्यानंतर होल्ड घेतात. सहा पावले जमली की अठरा पावलांची साखळी बांधतात : नॅचरल टर्न, उजव्या पायाचा चेंज, रिव्हर्स टर्न, डाव्या पायाचा चेंज. चेंज म्हणजे फिरण्याची बाजू बदलून देणारी तीन पावले. ही साखळी अखंड चालू राहिली की जोडी संपूर्ण फ्लोअर फिरू शकते.

नेहमीच्या चुका : पाऊल पडण्याआधीच खांदे वळवणे, तिसऱ्या मात्रेस पाय पुरते न मिळवता वजन दोन्ही पायांवर अडकवून ठेवणे, जमिनीकडे पाहणे आणि मागे जाताना मुद्दाम बाजूला सरून वाट देणे. यांपैकी वजन अडकणे ही चूक सर्वांत नडते, कारण चौथ्या मात्रेला कोणता पाय मोकळा आहे हेच मग उमगत नाही.

इतिहास : ऑस्ट्रिया व दक्षिण जर्मनीतील गिरक्यांच्या लोकनृत्यांतून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉल्ट्झ घडला. धाकट्या योहान श्ट्राउसची ‘ब्लू डॅन्यूब’ ही वॉल्ट्झची रचना 1867 साली प्रथम वाजली. आजच्या संथ वॉल्ट्झला शिस्त लागली ती इंग्लंडमध्ये. तेथील नृत्यशिक्षकांची इम्पीरियल सोसायटी 1904 मध्ये स्थापन झाली आणि 1924 मध्ये तिची बॉलरूम शाखा निघाली. 1922 चा जागतिक विजेता व्हिक्टर सिल्व्हेस्टर आणि शिक्षक अ‍ॅलेक्स मूर यांच्या पुस्तकांनी ही पद्धत जगभर पोहोचवली. मूरचे ‘बॉलरूम डान्सिंग’ 1936 मध्ये प्रसिद्ध झाले.

गोवा व मुंबई : गोव्यात जोडीचे नृत्य घराघरांत रुजले. ख्रिस्ती लग्नाच्या समारंभात नवदांपत्याचे पहिले नृत्य पुष्कळदा वॉल्ट्झ असते, आणि पणजीच्या क्लुब नॅशनलचे कार्निव्हलच्या अखेरीस होणारे ‘रेड अँड ब्लॅक’ नृत्य प्रसिद्ध आहे. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत तयार झालेल्या वादकांनी मुंबईतील हॉटेलांचे नाचाचे बँड आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद समृद्ध केले. मात्र लग्नाच्या दालनात नाच पाहून शिकलेला वॉल्ट्झ आणि अभ्यासक्रमातला वॉल्ट्झ यांत अंतर असते. पहिल्यात ताल आणि सहजता आयती मिळते, पण वळणाचे मोजमाप मिळत नाही. दोन्हींची जोड असणे उत्तम.

सानपाड्यातील सराव : वस्तीतल्या सरावाचे उदाहरण म्हणून सानपाडा घेऊ. हे सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईतील, हार्बर मार्गावर वाशी आणि जुईनगर यांच्या मधले उपनगर. अशा वस्तीत लाकडी फ्लोअरचे दालन घरापाशी असेलच असे नाही, पण नॅचरल टर्नला फार मोठी जागा लागत नाही. सोसायटीच्या सभागृहातील खुर्च्या भिंतीला लावल्या तरी सहा पावले मोकळेपणी बसतात. गच्चीचे खरखरीत सिमेंट टाळावे. तिथे तळवा अडकतो आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो. गुळगुळीत टाइल्स चालतात, मात्र पावसाळ्यात त्या आधी कोरड्या पुसून घ्याव्यात. रबरी तळव्यांच्या बुटांपेक्षा चामड्याच्या तळव्यांचे बूट बरे. फ्लोअरची एक लांब बाजू लाइन ऑफ डान्स मानून चारही कोपऱ्यांना खुणा कराव्यात आणि प्रत्येक आकृतीनंतर आपले तोंड कुठे आहे ते तपासावे.

पुढील आकृत्या : नॅचरल टर्नच्या पहिल्या तीन पावलांना वेगळा शेवट जोडला की स्पिन टर्न, हेझिटेशन चेंज आणि इम्पिटस टर्न या आकृत्या तयार होतात. दालनाचा कोपरा ओलांडायला त्या उपयोगी पडतात. मिनिटाला 60 खंडांच्या आसपास चालणाऱ्या व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये हीच सहा पावले निम्म्या वेळात टाकावी लागतात. संथ गतीत जोडीदाराला वाट देण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्यालाच तो वेग झेपतो. म्हणून जाणते नर्तकही सरावाची सुरुवात या आकृतीपासून करतात.