धोट्याचा धागा आणि साळखात्याचे दार

देशाहून पाहुणे आले की आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे त्यांना एखाद्या शनिवारी लोवेलला घेऊन जातात. तिथल्या बूट कॉटन मिल्स म्युझियममध्ये जुने माग चालवून दाखवतात. मुले कानांवर हात ठेवतात आणि आजी-आजोबा म्हणतात, "हे तर अगदी आपल्या गिरण्यांसारखेच!"

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. लोवेलच्या गिरण्या १८२० नंतरच्या दशकात उभ्या राहिल्या. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. हवा निराळी, माणसे निराळी, पण मागाची रचना मूळ एकच. म्हणूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो. तेच यंत्र दोन समाजांत गेले, तर दोन्हीकडे त्याचा परिणाम एकच होतो का? या प्रश्नासाठी आम्ही मागाचा एक लहानसा भाग निवडला आहे. तो म्हणजे धोटा.

ज्यांनी माग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कापडात उभे धागे असतात तो ताणा आणि आडवे असतात तो बाणा. बाण्याचे सूत एका कांडीवर गुंडाळलेले असते आणि ती कांडी धोट्याच्या पोटात बसवतात. यंत्रमागावर हा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो, त्यामुळे कांडी काही मिनिटांतच संपते. मग माग थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. हे शेवटचे काम बोटांनी पटकन होत नसे. म्हणून विणकर त्या छिद्राला ओठ लावी आणि श्वास आत ओढी, की टोक बाहेर येई. मजुरी कापडाच्या मापावर मिळत असल्यामुळे एकेक क्षण मोलाचा होता. दिवसभरात असे कितीतरी वेळा होई. सुताबरोबर कापसाची धूळ तोंडात जाई आणि तोच धोटा दुसऱ्याही कामगाराच्या ओठांना लागे.

लँकेशायरचे कामगार याला धोट्याचे चुंबन म्हणत. इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये लोक त्याला मृत्यूचे चुंबन म्हणू लागले, कारण क्षयरोगाची धास्ती मोठी होती आणि तो थुंकीतून पसरतो हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले होते. १९११ साली या राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तोंडाने ओढायच्या धोट्यावर बंदी घातली. दुसरा उपाय नव्हता असे नाही. हाताने ओवायचे धोटे निघाले होते. शिवाय याच राज्यातल्या होपडेल गावी ड्रेपर कंपनीत काम करणाऱ्या जेम्स नॉर्थ्रॉप यांनी १८९४ च्या सुमारास असा माग तयार केला होता की त्यात कांडी आपोआप बदले आणि धागाही आपोआप ओवला जाई. हे नॉर्थ्रॉप इंग्लंडातल्या यॉर्कशायरहून १८८१ मध्ये इकडे आलेले, म्हणजे आपल्यासारखेच परदेशातून आलेले गृहस्थ. कायद्याने सांगितले की जुने चालणार नाही, आणि कारागिरांनी नवे आधीच करून ठेवले होते. खुद्द इंग्लंडात मात्र धोट्याला तोंड लावण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरही काही काळ चालू राहिली.

आता मुंबईकडे वळू. गिरणगावातही कामगार धोट्याला तोंडच लावीत. पण तिथे आरोग्याच्या प्रश्नाआधी आणखी एक गोष्ट आडवी आली. एकाचा ओठ लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, म्हणजे उष्टे आले आणि विटाळ आला. या कारणाने सवर्ण विणकर दलित कामगारांना, त्या वेळच्या भाषेत अस्पृश्यांना, साळखात्यात येऊ देत नसत. गिरणीत दलित कामगार पुष्कळ होते, पण ते बहुतांशी कताईच्या खात्यांत, रिंगवर वगैरे. पिण्याच्या पाण्याची सोयसुद्धा त्यांना वेगळी असे. साळखात्यात पगार जास्त मिळे आणि तेच दार त्यांना बंद होते.

नोकरभरतीची रीतही या गोष्टीला पोषक होती. मालक किंवा मॅनेजर स्वतः माणसे निवडीत नसत. ते काम जॉबर करी, आणि जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यातली, आपल्या जातीची माणसे आणी. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या नवख्या माणसाला खोली, खाणावळ आणि काम या ओळखीनेच मिळे. परक्या शहरात हा मोठाच आधार होता. इथे पहिली नोकरी कुणाच्या ओळखीने मिळाली हे आठवून पाहिले, तर आपल्यालाही तो आधार समजेल. पण ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी तीच रीत भिंत होते, हेही तितकेच खरे.

गिरण्यांच्या इतिहासावर विद्यापीठांतून बरेच संशोधन झाले आहे. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकांचे मुंबईच्या गिरणी कामगारांवरील पुस्तक १९६५ साली निघाले. राजनारायण चंदावरकर यांचा केंब्रिजहून निघालेला ग्रंथ १९९४ चा. २००४ मध्ये मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून ऐकलेला इतिहास पुस्तकरूपाने आणला. साळखात्याचे दार कुणी बंद ठेवले, मालकांनी की कामगारांनी, हा या क्षेत्रातला जुना प्रश्न आहे. आमच्या मते एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विटाळाचे कारण धाग्यापुरतेच असते तर धोटा बदलून ते मिटले असते, कारण वेगळा धोटा जगात उपलब्ध होता. तो मागवावा असे मालकाला वाटले नाही, कारण त्याचे काही अडत नव्हते. आणि जे आत होते त्यांनाही तो नको होता, कारण जास्त पगाराची जागा त्यामुळे त्यांच्याच हातात राहत होती. दोघांच्या सोयीला धोट्याचे छिद्र कामी आले.

हा प्रश्न चव्हाट्यावर आणला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. मुंबईत ते परळच्या बी. आय. टी. चाळीत, म्हणजे गिरणी कामगारांच्याच वस्तीत राहत. एप्रिल १९२८ मध्ये मुंबईत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. तो जवळजवळ सहा महिने चालला आणि सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. संपाचे एक मुख्य कारण यंत्रच होते. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत अशी मालकांची योजना होती आणि त्यात कित्येकांची कामे जाणार होती. संपाच्या मागण्यांत साळखाते दलितांना खुले करण्याची मागणी असावी असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. संपाच्या नेत्यांनी बरेच आढेवेढे घेऊन ती घेतली. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात ही हकिगत आहे. मालकांचे उत्तरही कीरांनी दिले आहे. त्याचा आशय असा, की हा अन्याय असलाच तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

या उत्तरापाशी जरा थांबायला हवे. मालक म्हणतो, हे कामगारांचे आपसातले आहे. कामगार म्हणतो, हे रूढीने चालत आले आहे. आणि दोघेही यंत्राकडे बोट दाखवू शकतात, की धोटाच असा आहे, आम्ही काय करणार? जबाबदारी कुणाचीच नाही आणि दार मात्र बंद. कामगारांचीच चळवळ, तीही एकजुटीच्या नावाने चाललेली, आणि तिच्यातही आत यायला कुणाला तरी भांडावे लागले. पुढे १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता रद्द केली आणि १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध शिक्षेचा कायदा झाला. साळखात्याचे दार एका दिवसात उघडले नाही, पण ते बंद ठेवायला धोट्याचे कारण पुढे करणे अवघड झाले.

धोटा बदलला, माणूस आत आला, म्हणजे काम संपले का? याचे उत्तर अहमदाबादला मिळते. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसवले. धागा ओवणे, कांडी बदलणे सगळे यंत्र करणार. तरी उत्पादन अपेक्षेप्रमाणे येईना आणि खराब कापड निघत राहिले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे गेले. त्यांना असे दिसले की कामाचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येक माणसाला एकेक तुकडा दिला आहे, आणि कोण कुणाबरोबर आणि कुणासाठी काम करतो हे कुणालाच नीट सांगता येत नाही. त्यांनी सुचवले की काही मागांचा एक गट करावा आणि त्या मागांची सगळी जबाबदारी एका लहान टोळीकडे द्यावी. कामगारांनी ही कल्पना लगेच उचलली आणि टोळ्यांतली माणसेही आपसात ठरवली. उत्पादन वाढले, खराबा कमी झाला. माग तेच होते, फक्त त्यांच्याभोवतीच्या माणसांना विचारले गेले होते. पण १९७५ साली एरिक मिलर यांनी त्याच गिरणीची पुन्हा केलेली पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा काही ठिकाणी ही पद्धत टिकलेली तर काही ठिकाणी पुन्हा जुन्या वळणावर गेलेली दिसली. सहभाग एकदा दिला की कायमचा राहतो असे नाही, त्याची निगा राखावी लागते.

हा सगळा कापडाचा जुना इतिहास झाला असे कुणी म्हणेल. आपल्यापैकी बहुतेकांचा पोटापाण्याचा उद्योग आता कॉम्प्युटरशी बांधलेला आहे. म्हणूनच आपल्याच शेजारच्या केंब्रिज गावातले एक संशोधन सांगावेसे वाटते. एम. आय. टी. मध्ये शिकणाऱ्या जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय तरुणीच्या लक्षात आले की चेहरा ओळखणाऱ्या प्रोग्रामला तिचा चेहरा दिसतच नाही, पण पांढरा मुखवटा घातला की दिसतो. तिने आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांचे प्रोग्राम तपासले. त्यासाठी आफ्रिकेतल्या तीन व युरोपातल्या तीन देशांच्या लोकप्रतिनिधींचे १२७० चेहरे घेतले. चेहरा पुरुषाचा की स्त्रीचा एवढेच सांगायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. प्रोग्राम शिकवताना कुणाचे चेहरे दाखवले, याचा हा परिणाम. पाहणी प्रसिद्ध झाल्यावर त्या कंपन्यांनी सुधारणा केल्या, म्हणजे सुधारणा शक्य होती. कुणी तपासले नव्हते एवढेच.

पुढची पायरी नागरिकांनी गाठली. जून २०१९ मध्ये सॉमरव्हिलच्या आणि जून २०२० मध्ये बॉस्टनच्या नगर परिषदेने शहराच्या कारभारात चेहरे ओळखणारी यंत्रणा वापरायला बंदी केली. १९११ मध्ये धोट्याचा जो प्रश्न राज्याच्या विधिमंडळात सुटला, त्याच जातीचा प्रश्न या वेळी गावच्या सभेत सुटला. आणि डिसेंबर २०१९ मध्ये वॉल्थमच्या ब्रॅन्डाइस विद्यापीठाने भेदभावाविरुद्धच्या आपल्या नियमांत जातीचा उल्लेख घातला, या देशातल्या विद्यापीठांत सर्वांत आधी. साळखात्याचा प्रश्न आपल्याबरोबर समुद्र ओलांडून आला आहे. ते वाचून मन खट्टू होते, पण डोळे मिटून तो जाणार नाही.

आपण इथे दोन्ही बाजूंना उभे आहोत. आपल्या नावाचा उच्चार ज्या यंत्राला जमत नाही, त्याच्यासमोर उभे राहणारेही आपणच, आणि अशी यंत्रे, प्रोग्राम तयार करणारेही आपल्यातलेच. तेव्हा ऑफिसात नवी यंत्रणा येईल किंवा आपणच ती तयार करत असू, तर दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. ती चालवणाऱ्याला कुणी विचारले का? तिच्यामुळे कुणासाठी दार बंद होते आहे का? "यंत्रच तसे आहे" हे उत्तर मालकाचे असो, सहकाऱ्याचे असो की आपलेच असो, पुरेसे मानू नये. गावात टाउन मीटिंग असते, शाळा समितीच्या बैठका असतात. तिथे आपली माणसे फारशी दिसत नाहीत. प्रश्न विचारायला तीच जागा आहे.

शेवटी एक विनंती. मंडळातल्या काही घरांचे वाडवडील गिरणीत होते. कुणी साळखात्यात, कुणी रिंगवर, कुणी बदली कामगार म्हणून दारात उभे. कोण कुठल्या खात्यात होते, कुणाच्या ओळखीने लागले, पाणी कुठे पीत, हे अजून सांगू शकणारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवावे. मुलांना ते मराठीत सांगावे, नाही जमले तर इंग्रजीत, पण सगळे सांगावे.