बोरघाटातील पाण्याचा हिशेब

खोपोलीस, घाटाच्या पायथ्याशी, नाना फडणविसांनी जो तलाव बांधविला आणि त्याच्या काठी महादेवाचे जे देऊळ उभारले, त्या पुण्यकर्मात धर्मबुद्धीइतकीच व्यवहारदृष्टीही असली पाहिजे. कारण देशावर चढणाऱ्या माणसाला, घोड्याला आणि ओझ्याच्या बैलाला चढणीपूर्वी पाणी पाजावे लागते, हे पेशवाईच्या कारभाऱ्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. पुढे १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत, हा घाट चाकांच्या गाड्यांना खुला झाला. १८६३ साली आगगाडी वर चढली. आणि विसाव्या शतकात मोटार आली, तेव्हा बैल मागे पडला तरी घाटातील तहान मात्र राहिली.

मोटारीला ही तहान जन्मजातच आहे. कार्ल बेंझ याच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफेच्या रूपाने निघून जाणे, हीच यंत्र थंड राखण्याची तजवीज होती. जितके जाई तितके वाटेत ओतावयाचे. विल्हेल्म मायबाख याने विसाव्या शतकाच्या आरंभी डायम्लरच्या कारखान्यात मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला, त्यातील आठ हजारांवर बारीक नळ्यांमधून वारा खेळू लागला, आणि तेच पाणी फिरून फिरून कामी येऊ लागले. तरीही टोपणाखालील पाणी हवेच्या नेहमीच्या दाबाखालीच राही, म्हणून दीड हजार फुटांहून अधिक चढण, खालचा गिअर आणि पाठीमागून येणारा वारा असा योग जुळला की ते उकळे. कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या कारखान्यातील फियाट गाड्याही बॉनेट उघडून घाटात उभ्या राहत, क्लीनर चाकाखाली दगड लावून डबा घेऊन झऱ्याकडे धावे, आणि वाफ निवेपर्यंत मंडळी दरीकडे पाहत बसत. त्या काळची ही तूट उघड होती, तिच्यात लपवाछपवी नव्हती, आणि म्हणून मला ती आजच्या तुटीपेक्षा प्रामाणिक वाटते.

पुढे टोपणाला स्प्रिंग आली. आतील दाब चौरस इंचास पंधरा पौंडांनी वाढविला की पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. त्यात ग्लायकॉल मिसळले की ही मर्यादा आणखी वर सरकते. अडोल्फ वुर्ट्झ या फ्रेंच रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तयार केलेला हा पदार्थ थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून मोटारीत शिरला. आपल्याकडे तो उकळी लांबविण्यासाठी आणि गंज टाळण्यासाठी उपयोगी पडतो. पाणी असे कोंडले गेले, आणि कोंडलेल्या खजिन्यात जे होते ते येथेही झाले: किल्ली जागच्या जागी, कुलूप शाबूत, आणि शिल्लक मात्र दर पंधरवड्याला थोडी कमी.

या अफरातफरीचा तपास हीच मेकॅनिकची खरी विद्या. जमिनीवर थेंब नाही म्हणून गळती नाही असा निकाल देणारा मेकॅनिक कच्चा समजावा, कारण तापलेल्या लोखंडावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, मागे पांढरट किंवा हिरवट खपली तेवढी उरते. पाण्याच्या पंपाला खालून एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, जेणेकरून आतले सील झिजले की पाणी बेअरिंगात न शिरता तेथून झिरपावे. जाणता माणूस तेथे प्रथम बोट लावतो. गालिचा ओलसर असेल, काचेवर चिकट धुके धरत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर दोष हीटरच्या जाळीत. गार इंजिनावर हातपंपाने दाब चढवून काटा पाहत बसावे. काटा उतरतो, पण बाहेर कोठेच ओल दिसत नाही, तेव्हा संशय हेड गॅस्केटवर जातो. मग तेलाच्या टोपणाखाली दुधासारखी साय, एकच प्लग इतरांपेक्षा लख्ख धुतलेला, आणि रेडिएटरवरील हवा निळ्या द्रवातून ओढताच त्याचा झालेला पिवळा रंग, असे साक्षीपुरावे गोळा होतात. इंजिनातील जळलेला वायू पाण्यात शिरल्याची ती कबुलीच. आणि कित्येकदा या सर्व चौकशीअंती कसूर निघतो तो टोपणाच्या ढिल्या स्प्रिंगचा, जे आरंभीच बदलून पाहणे सर्वांत स्वस्त पडले असते.

जुन्या चालकांचा दस्तूर याहून सोपा होता. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकावी. तिचे कण पाण्याबरोबर फिरत भोकाशी जाऊन बसतात आणि गळती थांबते. घरी जखमेवर जी हळद दाबावयाची तीच गाडीला, यात एक कौटुंबिक न्याय आहे खरा, परंतु तीच हळद बारीक नळ्याही बुजविते, आणि घाट चढून गेलेली गाडी पुढे पुण्याच्या उन्हात तापते. तेथे मग रेडिएटरवाल्याचे राज्य असे. तांब्यापितळेचा रेडिएटर तो हौदात बुडवी, आत हवा भरी, बुडबुडे निघतील तेथे खूण करी आणि डाग देई. तांबटाच्या कुळातलेच हे काम. ॲल्युमिनियमच्या जाळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्यापासून डाग देण्याजोगे काही उरले नाही, सबंध वस्तूच बदलावी लागते, आणि हौद कोरडे पडत चालले.

२००२ पासून द्रुतगती मार्गाने जाणारा प्रवासी खोपोलीच्या तलावाकडे वळत नाही. तथापि लागोपाठ सुट्या आल्या, घाटात वाहनांची रांग खोळंबली, की चार-दोन बॉनेटे आजही उघडतात. चालक ओले फडके टोपणावर धरून उभा राहतो, आणि बरोबरची मंडळी, कोणी न सांगता, दोन पावले मागे सरकतात.